सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमधून 80 अंश उत्तरेला

परत येऊन बारा दिवस झाले. पुतण्या रोज म्हणतोय, काका लिहून काढा, नाहीतर महिन्याभरात सगळी सरमिसळ होईल. म्हणून बसलोय. जसं आठवतंय तसं लिहितो, आणि कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल असं मधेमधे टाकतो.

आधी थोडं आमच्याबद्दल, म्हणजे हे खूळ कुठून आलं ते कळेल. सांगली-तासगाव रोडला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, 26 वर्षं झाली. एप्रिल संपेपर्यंत चेंबर भरतात, मग सौदे होतील तसा माल निघेपर्यंत ते 4-5 डिग्रीवर धरून ठेवायचे. लाईट गेली की जनरेटर, कॉइलवर बर्फ चढला की डिफ्रॉस्ट, आणि महिन्याचं वीजबिल आलं की पोटात गोळा. म्हणजे आख्खं आयुष्य थंडी तयार करण्यात आणि ती दारातून बाहेर जाऊ न देण्यात गेलं. तर जिथं थंडी कुणाला तयार करावी लागत नाही, ती आपली आहेच, अशी जागा एकदा डोळ्यांनी बघायची हे कधीपासून डोक्यात होतं. पुतण्यानं शोधून काढलं की नॉर्वेच्या वर स्वालबार्ड म्हणून बेटं आहेत, तिथून उन्हाळ्यात छोटी जहाजं निघतात, आठ दिवस बर्फातनं फिरवून आणतात. दोघांचा सगळा मिळून खर्च साडेतेरा लाख. दादा म्हणाला, जा, प्लँट मी बघतो. वहिनी म्हणाल्या, आता नाही तर कधी जाणार भाऊजी.

दिवस 1, सांगली

जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस धो धो. निघायच्या दिवशी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 17 फूट होतं. सांगलीचा माणूस पावसाळ्यात कुठंही गेला तरी त्याचं अर्धं लक्ष त्या फुटांवर असतं, त्यामुळं दादाला सांगून ठेवलं की रोज सकाळी आकडा पाठवायचा. ही सकाळीच गणपतीला जाऊन आली. तिनं तीन किलो बेदाणा दोनशे-दोनशे ग्रॅमच्या पुड्यांत बांधून घेतला होता, कुणाला ना कुणाला द्यायला होईल म्हणून. शिवाय राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, भडंग. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, दुसऱ्या दिवशी विमान. आखातात साडेतीन तास बसलो आणि मग ओस्लो.

व्हिसाचं मात्र नीट वाचा, कारण इथं लोक फसतात. भारतीय माणसाला स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही. स्वालबार्डबद्दलच्या 1920 च्या आंतरराष्ट्रीय करारात तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावानंही सही आहे. पण तिथं पोचायला नॉर्वेतनं जावं लागतं, नॉर्वे शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि येताना परत आत शिरता. त्यामुळं मल्टिपल एंट्री व्हिसाच घ्या. सिंगल एंट्री असेल तर परतीला ओस्लोत अडकाल.

दिवस 2, ओस्लो, आणि बॅग

हिची बॅग आली, माझी आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला, आम्ही दोघंच उभे. सगळे गरम कपडे माझ्या बॅगेत, थर्मल, लोकरीची टोपी, वॉटरप्रूफ पॅंट, सगळं, कारण हिची बॅग खाण्याच्या सामानानं भरलेली. काउंटरवर फॉर्म भरला, नंबर मिळाला, सापडली की पाठवू म्हणाले. आणि जहाज तीन दिवसांनी संध्याकाळी पाचला सुटणार होतं. जहाज बॅगेसाठी थांबत नाही.

तर पहिली टीप, जी मला कुणी दिली असती तर बरं झालं असतं: गरम कपड्यांचा एक पूर्ण जोड प्रत्येकानं हातातल्या बॅगेत ठेवायचा, औषधं पण तिथंच. आणि दोघांचं सामान दोन्ही बॅगांत अर्धं अर्धं वाटून भरायचं. दुसरी टीप, जहाज सुटायच्या आधी दोन दिवस तरी हातात ठेवा. आम्ही ठेवले होते म्हणून जीव वाचला.

दिवस 3, फ्राम

बॅगेची वाट बघत हॉटेलात बसण्यापेक्षा फ्राम जहाजाच्या म्युझियमला गेलो आणि माझा तर दिवस तिथंच गेला. नानसेन नावाचा नॉर्वेचा माणूस, त्यानं 1893 मध्ये हे लाकडी जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिलं. बर्फ सरकेल तसं जहाज वाहत जाईल आणि उत्तर ध्रुवाच्या जवळ पोचेल हा हिशेब. बुडाचा आकार असा गोल केला की बर्फानं दाबलं तर जहाज फुटायच्या ऐवजी वर उचललं जावं. तीन वर्षं वाहिलं, ध्रुवावर नाही पोचलं, पण अख्खं परत आलं आणि सगळी माणसं जिवंत. मूळ जहाजच आत ठेवलंय, आपण डेकवर चढून खाली खोल्यांपर्यंत जाऊ शकतो.

मी खालच्या खोल्यांच्या भिंतींपाशी थांबलो. आत थरावर थर आहेत, लाकूड, नमदा, बुचाचं लाकूड, रेनडिअरचे केस, परत लाकूड. मी हिला म्हटलं, अगं हे आपल्या चेंबरच्या भिंतीचं फोमचं पफ पॅनेल! आपण थंडी आत राहावी म्हणून भिंत जाड करतो, त्यांनी ती बाहेर राहावी म्हणून केली, विद्या एकच. सव्वाशे वर्षांपूर्वी, थर्माकोल नाही, फोम नाही, आणि माणसं त्यात तीन हिवाळे काढतात. मी भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. ही शेवटी बाहेर बाकावर जाऊन बसली.

संध्याकाळी हॉटेलात तपकिरी चीज खाल्लं, ब्रुनोस्त म्हणतात. चीज म्हणून तोंडात घातलं तर चव थेट बेळगावच्या कुंद्याच्या जवळची, थोडं खारट इतकंच. हिनं लगेच पोळीशी काय लागेल असं म्हणून डोळे मिटून परत एक तुकडा खाल्ला.

दिवस 4, लाँगियरब्येन

ओस्लोहून सरळ उत्तरेला तीन तास विमान. खाली दोन तास समुद्र, मग एकदम पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे डोंगर. 78 अंश उत्तर, तिथून ध्रुव साधारण 1300 किलोमीटर. विमानातून उतरलो आणि नाकात पहिला श्वास गेला तर तो ओळखीचा निघाला, पहाटे चेंबरचं दार उघडल्यावर जो येतो तोच. फक्त मागं कॉम्प्रेसरचा आवाज नव्हता. तापमान 6 डिग्री, भर जुलैत.

गाव म्हणजे अडीच हजार माणसं. जॉन लाँगियर नावाच्या अमेरिकन माणसानं 1906 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी वसवलं, त्याच्यावरूनच नाव. घरं सगळी खांबांवर, कारण खालची जमीन कायम गोठलेली, घराची ऊब तिला लागली तर ती मऊ पडून घर खचतं. झाड एकही नाही. मांजर पाळायला बंदी, पक्ष्यांसाठी. घरांच्या मधनं बुटके रेनडिअर चरत फिरतात, आपल्याकडं गल्लीत गाय असते तसे. गावाच्या वेशीला अस्वलाची पाटी, त्यापुढं बंदूकधारी माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणि सगळ्यात भारी म्हणजे हॉटेलात, म्युझियमात शिरताना बूट बाहेर काढायचे! खाणीतून येणाऱ्या लोकांच्या बुटाला कोळसा असायचा तेव्हापासूनची पद्धत, खाणी मिटल्या तरी चालू आहे. शेवटची नॉर्वेजियन खाण 2025 मध्ये बंद झाली. ही दारातल्या बुटांच्या रांगेकडं बघून म्हणाली, अहो, कुणाच्या तरी घरी सत्यनारायणाला आल्यासारखं वाटतंय.

बेकरीत बेदाण्याचे पाव मिळतात, रोसिनबोलर. मी एक बेदाणा काढून चिमटीत धरला, दाबला, उजेडात बघितला. सवयच आहे. काळसर, बारीक, साल जरा जाड, पण गोडी चांगली. काउंटरवरच्या मुलीला मी आमची एक पुडी दिली, हिरवा लांब माल, तासगावचा. तिनं एक खाल्ला, मग आतल्या बाईला हाक मारली, मग दोघींनी खाल्ला. पावाचे पैसे घेईनात, आम्ही बळंच दिले.

टॅक्सी करून बियाण्याच्या तिजोरीकडं गेलो. टॅक्सीवाली बाई थायलंडची, अकरा वर्षं इथं आहे, व्हिसा लागत नसल्यानं थायलंड-फिलिपिन्सची बरीच माणसं इथं राहतात म्हणाली. तिजोरी आतून बघायला मिळत नाही, फक्त डोंगरातून बाहेर आलेलं काँक्रीटचं उंच अरुंद दार, वर काचेचे आणि आरशांचे तुकडे लावलेत ते चमकतात. पण मला तेवढंच बघायचं होतं, कारण हे जगातलं सगळ्यात महत्त्वाचं कोल्ड स्टोरेज. 2008 ला सुरू झालं. डोंगरात शंभर मीटरपेक्षा आत बोगदा, शेवटी तीन चेंबर, उणे 18 डिग्री. जगभरचे 13 लाखांवर बियाण्यांचे नमुने. आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेनं ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग पण त्यात आहे. सीरियात युद्ध झालं, अलेप्पोजवळची बियाणं-बँक हातातून गेली, तेव्हा 2015 मध्ये पहिल्यांदा इथून माल बाहेर काढला आणि त्यातनं परत बियाणं वाढवलं. माल ठेवणाऱ्याला माल परत मिळाला. कोल्ड स्टोरेजवाल्याला यापुढं काय पाहिजे.

डोंगराची स्वतःची थंडी उणे 3-4 असते, उरलेली मशीननं. म्हणजे मशीन बंद पडलं तरी माल लगेच जाणार नाही. असा प्लँट उभा करायचं स्वप्न आमच्यातला प्रत्येकजण बघतो. पण 2016 मध्ये त्याच दाराच्या बोगद्यात वितळलेलं पाणी शिरलं. बियाण्यापर्यंत गेलं नाही, मग त्यांनी बोगदा नवीन वॉटरप्रूफ बांधला. हे मला आधी माहीत होतं, पण त्या दारासमोर उभं राहिल्यावर पोटात कालवलं, कारण 2019 ला आमच्या प्लँटच्या ट्रान्सफॉर्मरला पुराचं पाणी लागलं होतं, तीन दिवस जनरेटरवर काढले, दादा आणि मी आलटून पालटून दाराशी बसून पाणी किती चढतंय बघत होतो. दाराशी आलेलं पाणी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. टॅक्सीवाली म्हणाली, 2020 च्या जुलैत इथं 21.7 डिग्री गेलं होतं, लोक टी-शर्टवर होते. तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं.

रात्र नाहीच. एप्रिलच्या वीस-एकवीसपासून ऑगस्टच्या तेविसाव्या तारखेपर्यंत सूर्य मावळत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, हॉटेलचे पडदे पुरत नाहीत. आणि घड्याळ बघून जेवा, नाहीतर रात्री अकराला चहा मागाल.

दिवस 5, जहाजावर

बॅग नाहीच आली. सकाळी गावातल्या दुकानातनं एक थर्मलचा जोड घेतला, किंमत सांगत नाही, पण आमच्या ऑपरेटरचा आठवड्याचा पगार गेला. जहाजावर जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट देतात, हे आधी विचारून घ्या, सगळी जहाजं देत नाहीत. वॉटरप्रूफ पॅंट गाईडनं स्वतःची जुनी दिली, तो सव्वासहा फुटी, ती मी चार घड्या घालून वापरली.

संध्याकाळी पहिली मीटिंग. सगळ्यांनी बाहेरचे कपडे, बॅगा, ट्रायपॉड आणून ठेवायचे आणि व्हॅक्यूमनं साफ करायचे, वेल्क्रोत अडकलेली कुसळं टाचणीनं काढायची, बाहेरचं एक बी सुद्धा बेटावर जायला नको म्हणून. माझ्याकडं साफ करायला काहीच नव्हतं. शेजारी एक डच आजी बसल्या होत्या, वय 79, एकट्या आलेल्या, माझ्या पायातले सुती मोजे बघून त्यांनी विचारलं तुमचं सामान कुठंय. सांगितलं. त्या उठून केबिनमध्ये गेल्या आणि राखाडी लोकरीचे जाड मोजे घेऊन आल्या, घरी विणलेले, टाचेला निळा पट्टा. नवऱ्यासाठी विणले होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले, तुम्हाला बसतील म्हणाल्या. मी हिच्याकडं बघितलं. ही म्हणाली, घ्या, नाही म्हणू नका. पुढचे सात दिवस माझे पाय त्या मोज्यांवर टिकले.

दिवस 6, न्यू ऑलेसुंड, आणि आपलं हिमाद्री

बोटीतनं उतरायच्या आधी सगळ्यांचे फोन फ्लाईट मोडवर, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. गावात मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिला त्रास होतो. असं शांत गाव मी पाहिलं नाही. जुन्या खाणीचं छोटं रेल्वे इंजिन उभं आहे, नॉर्वेच्याच अमुंडसेननं 1926 मध्ये जिथून एअरशिप, म्हणजे गॅस भरलेलं फुग्यासारखं जहाज, ध्रुवावर नेलं तो लोखंडी खांब आहे, आणि रस्त्याच्या कडेला टर्न पक्ष्यांची अंडी. ते पक्षी डोक्यावर टोच मारायला येतात, म्हणून काठी डोक्याच्या वर धरून चालायचं, म्हणजे ते काठीच्या टोकावर येतात. मुठीएवढा पक्षी, पण दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत इथं येतो.

आणि मग हिमाद्री. भारताचं संशोधन केंद्र, 2008 पासून. साधी लाकडी इमारत, पण पाटी दिसल्यावर आमची दोघांची चाल आपोआप वाढली. फोटो काढत होतो तर एक पोरगा बाहेर आला, शास्त्रज्ञ, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातर्फे आलेला. हिनं मराठीतच विचारलं, जेवलास का रे? तो हसला आणि मराठीतच म्हणाला, हो काकू. आई बेळगावची त्याची! दहा मिनिटं बोललो. समोरच्या फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीत, आपली यंत्रं पाण्याखाली सोडलेली आहेत, 2014 पासून, पाण्याचं तापमान आणि खारटपणा वर्षभर मोजतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या चेंबरमधल्या सेन्सरसारखं, लॉग बुक ठेवता. तो म्हणाला, अगदी तेच काका, फक्त आमच्याकडं तापमान चढलं तर खाली आणायला बटण नाही. मग त्यानं फियोर्डच्या टोकाकडं हात केला, तिथल्या हिमनद्या कशा मागं सरकल्यात ते दाखवलं, हिवाळ्यात हे पाणी आधी जसं गोठायचं तसं आता गोठत नाही. हिनं त्याला भडंगाचं पाकीट आणि दोन पुड्या बेदाणा दिला. पाकीट हातात घेऊन त्यानं आधी वास घेतला.

इथं जगातलं अगदी उत्तरेकडचं पोस्ट आहे, दादाला कार्ड टाकलं. आम्ही परत आल्यावर चार दिवसांनी पोचलं.

दिवस 7, मोनाको हिमनदी

ह्या दिवसाबद्दल काय लिहू. रबरी बोटीत दहा-दहा जण, समोर निळी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर पोचत नाही इतकी रुंद. आमच्याकडं कॉइलवर जो बर्फ चढतो तो पांढरा, भुसभुशीत, आणि आमचा शत्रू, तो काढायला आम्ही पैसे घालतो. हा निळा, काही ठिकाणी तर मोरचुदासारखा निळा. गाईड म्हणाला, वर्षानुवर्षं बर्फाचं वजन पडून आतली हवा दाबली गेली की असा रंग येतो. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

आजूबाजूला तरंगणारे बर्फाचे तुकडे बोलत होते. खरंच. तड, तड, चर्र, फोडणीत मोहरी टाकल्यावर होतं तसं, पण सगळ्या बाजूंनी. आत दाबली गेलेली शेकडो वर्षांची हवा बर्फ वितळताना फुटून बाहेर येते, त्याचा आवाज. मी हातमोजा काढून एक तुकडा उचलला. काचेसारखा, आत बारीक बारीक बुडबुडे, राईच्या दाण्याएवढे. कानाशी नेला. तळहात बधिर होईपर्यंत धरला. दर थोड्या वेळानं एक बुडबुडा फुटायचा आणि हाताला बारीक धक्का जाणवायचा, नाडी लागावी तसा. ही म्हणाली, टाका आता, बोटं जातील. टाकवेना.

आणि तेवढ्यात भिंतीचा एक भाग गेला. आधी दिसलं, आवाज मागनं आला, सुरुंग फुटल्यासारखा. चार मजली इमारतीएवढा तुकडा उभाच्या उभा खाली बसला आणि मग लाट आली, बोट सावकाश वर गेली, खाली आली. हिमनदी समुद्राला मिळते तिथं असे तुकडे पडणं हा तिचा स्वभावच आहे, गाईड म्हणाला, पण वरून येतं त्यापेक्षा खालून जास्त जातंय. आवक कमी, जावक जास्त. बोटीत कुणी बोललं नाही.

टीप: फोनची बॅटरी थंडीत धडाधड उतरते, आतल्या खिशात अंगाशी ठेवा. बोटीत पाणी उडतं, त्यामुळं तोंड गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ पिशवी पाहिजेच. आणि पातळ हातमोज्यावर जाड असे दोन जोड घाला.

दिवस 8, 80 अंश, अस्वल आणि संकष्टी

पहाटे मोफेन बेटाच्या जवळनं गेलो, नुसती गोट्यांची सपाट पट्टी, 80 अंशाच्या जरासं वर. वालरस एकमेकांवर रचून झोपलेले, गोदामात थप्पी लावल्यासारखे. तिथं उतरायला बंदी, 300 मीटर लांबनंच बघायचं. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, स्क्रीनवर 80° 01' दिसलं, मी फोटो काढून ठेवलाय.

पुढं तरंगत्या बर्फाची कड लागली. जहाजाचा वेग कमी झाला, बर्फ बाजूला होताना करकर असा आवाज. सकाळी साडेदहाला घोषणा झाली, अस्वल. सगळे धावत पण पाय न वाजवता डेकवर. अस्वलापासून लांब राहायचा नियमच आहे, जुलैपासून 300 मीटर, त्याआधी मार्च ते जून 500. साध्या डोळ्यांना पिवळसर ठिपका. डच आजींनी त्यांची दुर्बीण दिली. एक मादी, ओली, नुकती पाण्यातनं आलेली. ती बर्फावर पोट टेकून, मागचे पाय पसरून सरकत होती, अंग पुसत होती, मग कुशीवर, मग पाठीवर. मग उठली, अंग झटकलं, नाक वर करून आमच्या दिशेनं वास घेतला, आणि तिला आमच्यात काही विशेष वाटलं नाही, निघून गेली. एका तुकड्यावरनं दुसऱ्यावर पाय टाकताना आधी पंजानं दाबून बघत होती, पेलतोय का. तेवढं एक माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. सांगलीची बाई, गणपतीच्या गावची, संकष्टी सोडणार नाही. पण इथं सूर्यच मावळत नाही तर चंद्रोदय कुठला, आणि वर ढग. ही सकाळपासून विचारात. शेवटी तिनंच तोडगा काढला, आपला गणपती सांगलीत, तर चंद्रोदय पण सांगलीचा धरायचा. कॅलेंडरमध्ये पावणेदहा होता, नॉर्वेचं घड्याळ साडेतीन तास मागं, म्हणजे सव्वासहा. दिवसभर उकडलेले बटाटे, दही आणि राजगिऱ्याचा लाडू. शेफला आधी सांगितलं होतं, त्यानं बटाटे वेगळ्या भांड्यात करून दिले. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच कळवा, अगदी चांगली सोय करतात, पण ऐनवेळी दुकान नाही की काही नाही. सव्वासहाला केबिनच्या गोल खिडकीत तिनं मोबाईलवर गणपतीचा फोटो ठेवला, बेदाण्याचा नैवेद्य दाखवला, बाहेर बर्फ सरकत होता. आरती हळू आवाजात म्हटली. शेजारच्या केबिनवाल्यांनी नंतर विचारलं ते गाणं कसलं होतं, परत म्हणाल का.

दिवस 9, इंजिनाच्या पोटात

समुद्र खवळला, अर्धं जहाज झोपून. गोळी लाटा सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. मला काही झालं नाही, तर मी जहाजावरच्या हॉटेल मॅनेजरला धीर करून विचारलं, तुमचं कोल्ड स्टोअर बघायला मिळेल का. तिला आधी कळेना. मी फोनवर आमच्या प्लँटचे फोटो दाखवले. तासाभरात बोलावणं आलं.

खाली रेफ्रिजरेशन बघणारा फिलिपिनो माणूस, साधारण माझ्याच वयाचा. भाषा दोघांचीही तुटकी. त्यानं दार उघडलं, भाजीची खोली 4 डिग्री, मांसाची उणे 20. मी सवयीनं आधी दाराचं रबर बघितलं, मग जमिनीवर पाणी आहे का. तो बघून हसला. थंड करायचा गॅस अमोनिया नाही, दुसरा आहे, अमोनिया गळला तर विषारी आणि जहाजावर माणसं शेजारीच झोपतात ना. मी परत येणाऱ्या पाईपवर तळहात ठेवला, त्यानं माझ्या शेजारी त्याचा ठेवला. दोघं गप्प, कॉम्प्रेसर ऐकत. मग तो म्हणाला, गुड? मी म्हटलं, गुड. त्यानं सांगितलं, बाहेर इतका बर्फ, तरी आत मशीन चोवीस तास. घरी कधी जाणार विचारलं तर बोटांनी दाखवलं, अजून चार महिने. त्याला पाच पुड्या दिल्या, खालच्या सगळ्या लोकांत वाट म्हणून.

दुपारी समुद्र शांत झाला आणि स्मीरेनबर्गला उतरलो. सतराव्या शतकात डच लोकांनी इथं देवमाशाची चरबी उकळायच्या भट्ट्या लावल्या होत्या. सांडलेलं तेल, वाळू, खडे एकत्र होऊन सिमेंटसारखी झालेली कडी अजून जमिनीवर गोल दिसतात. त्या भागातले देवमासे त्यांनी जवळपास संपवले. डच आजी बराच वेळ त्या गोलाजवळ उभ्या होत्या. मला म्हणाल्या, आमच्या शाळेत हे शौर्य म्हणून शिकवलं. मग माझ्या पायाकडं बघून, मोजे ठीक आहेत का? मी म्हटलं, एकदम. परतीच्या दिवशी धुऊन परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. हिनं उरलेल्या सगळ्या पुड्या त्यांच्या बॅगेत कोंबल्या.

परत

दिवस 10 आणि 11 बद्दल फार नाही. वालरस परत दिसले, पाऊस लागला, एक उतरणं रद्द झालं. हवामानामुळं रोजचा कार्यक्रम बदलतोच, त्याची तयारी ठेवा. दिवस 12 ला लाँगियरब्येनला फोनला रेंज आली आणि दादाचे सात दिवसांचे आकडे एकदम आले, 19, 22, 26, 29, 27, 24, 21. म्हणजे आम्ही अस्वल बघत होतो तेव्हा कृष्णा चढत होती. विमा घेताना तिथून हेलिकॉप्टरनं हलवायचा खर्च धरला आहे का बघा, साध्या पॉलिसीत नसतो. रोख पैसे लागत नाहीत, सगळीकडं कार्ड.

मुंबईला उतरलो, महालक्ष्मीनं सकाळी सांगली. स्टेशनवर दादा आणि वहिनी, वहिनींनी घरी पिठलं-भाकरी करून ठेवलेली. तीन दिवसांनी बॅग आली, घरपोच, वर सहा विमानतळांच्या चिठ्ठ्या. उघडून बघितलं तर सगळं जसंच्या तसं, थर्मलच्या घड्या पण मोडल्या नव्हत्या. त्या रात्री प्लँटवर गेलो. चेंबर नंबर 3 मध्ये ऑपरेटर माल हलवत होता, अंगावर नुसता जुना स्वेटर, त्यात कोपराला भोक. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, तिकडं किती होतं ओ मालक? म्हटलं, सहा. तो म्हणाला, मग आपल्यापेक्षा गरमच की. दुसऱ्या दिवशी थर्मलचे दोन्ही जोड, टोपी आणि वॉटरप्रूफ पॅंट त्याला आणि रात्रपाळीच्या पोराला वाटून दिली. मोजे मात्र माझ्याकडंच आहेत, चेंबरमध्ये जाताना घालतो.